धनकवडीतला जुना वन बीएचके, पहिलीच गुंतवणूक आणि दुरुस्ती: कुठून सुरुवात करू?

अबोली (११ जानेवारी, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आम्ही दोघंही नोकरी करतो. राहतं घर सासूबाईंच्या नावावर आहे, डोक्यावर कर्ज नाही. एफडीत २१ लाख साठले आहेत. ते नुसते पडून राहण्यापेक्षा एखादा छोटा फ्लॅट घ्यावा, नीट करावा आणि भाड्याने द्यावा असं खूप मनात आहे. धनकवडीत एक वन बीएचके पाहिला. इमारत १९९६ सालची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ४३० चौरस फूट. मागणी ४५ लाखांची आहे. एजंट म्हणतो भाडं १५ हजार सहज येईल, वर "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, सोनं आहे सोनं."

घर पूर्वेचं आहे, सकाळी स्वयंपाकघरात छान ऊन येतं, त्यामुळे जीव अडकला आहे. पण ओटा जुन्या कडप्प्याचा, वायरिंग मूळचंच, आणि बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला नुकताच रंग दिलेला दिसला. बाकीच्या घराला रंग नाही, फक्त त्याच भिंतीला. मला यातलं काही कळत नाही. आधी काय पाहावं, कोणाला विचारावं, किती पैसे हाताशी ठेवावेत? अगदी पहिलीपासून शिकायचं आहे असं समजून सांगा.

कृष्णाकाठ (११ जानेवारी, रात्री ११:०५)

ताई, आधी वहीत आकडे मांडा, ऊन नंतर.

४५ लाखांच्या फ्लॅटवर पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के बसतं. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे ६ टक्के, २ लाख ७० हजार. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली. नोंदणी फी १ टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही. एजंटची १ टक्का दलाली ४५ हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क ५०० रुपये आणि प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्याहून जास्त "डोनेशन" मागितलं तर देऊ नका. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग धरून आणखी ३० हजार. झाले ४९ लाख. दुरुस्तीला ६ लाख धरले तर ५५ लाख.

आता दुसरी बाजू. भाडं वर्षाला १ लाख ८० हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि वर्षातला एक महिना घर रिकामं राहणार हे वजा करा. हातात साधारण १ लाख ४० हजार उरतात. ५५ लाखांवर अडीच टक्के! एफडी याच्या दुपटीहून जास्त देते.

३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३६ लाख, आणि मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. ते तुमच्या खिशातून. ३६ लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३१ हजारांच्या वर. भाडं १५ हजार. दर महिन्याला १६ हजार पगारातून घालावे लागतील, आणि एफडीत उरतील दोनेक लाख. हे जमणार असेल तरच पुढे जा. भाड्यावर हप्ता निघतो ही समजूत पुण्यात चालत नाही.

अबोली (१२ जानेवारी, सकाळी ७:४०)

काका, रात्री झोपच लागली नाही. पण आकडे लिहून काढले ते बरं झालं, १६ हजारांचा हिशेब मी केलाच नव्हता. आमचा पगार पाहता तेवढे निघतात, मात्र एफडी तळाला जाणं मला नको आहे. घर पुढे लेकीच्या कॉलेजच्या वेळी आम्हालाच वापरता येईल हाही विचार आहे, म्हणून नुसत्या टक्क्यांवर सोडवत नाही.

दस्तनोंद (१२ जानेवारी, दुपारी १:१५)

मी वकिलांच्या ऑफिसात टायटल सर्चचंच, म्हणजे जुने दस्त काढून मालकी तपासण्याचं काम करते, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते.

विकणारा कोण आहे ते आधी विचारा. मूळ मालक हयात आहेत का? नसतील तर शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव चढलं आहे एवढ्यावर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीच्या नावावर व्यवहार चालवते, पण वारसांचा हक्क जात नाही. सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सह्या करायच्या किंवा एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, या नेहमीच्या वाटा. "बहिणींना काही नकोय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि इतक्या वेळा त्याच बहिणींची नोटीस टाइप केली आहे, की ते कागदावर आल्याशिवाय मी कोणालाही टोकन देऊ देत नाही.

मग साखळी. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला करारनामा, त्याची नोंदणी पावती, त्यानंतर प्रत्येक विक्रीचा करार, मूळ प्रती. एखादा दुवा हरवला असेल तर तो आत्ताच कळायला हवा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधता येतो. ३० वर्षांचा सर्च मात्र वकिलाकडूनच करून घ्या, आणि तो तुमचा वकील असू द्या. बँकेचा वकील बँकेचं हित पाहतो.

धनकवडीत खास पाहायचं ते पूर्णत्वाचा दाखला. तो भाग पालिकेत येण्याआधीच्या इमारती आहेत, गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यांनी विकलेल्या तुकड्यांवर उभ्या राहिलेल्याही आहेत. मंजूर नकाशा आणि दाखला नसेल तर कर्ज अडतं, आणि पुढे तुमचा गिऱ्हाईकही अडतो. रिडेव्हलपमेंटचं सोनं म्हणत असतील तर एकच विचारा: जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या जमीनमालकाचं किंवा बिल्डरचंच नाव असतं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असती तर १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा असता. तुमची ४५ आहे, पण एखादा वारस परदेशात राहत असेल तर त्याच्या हिश्श्याला ही मर्यादा लागू नाही आणि दरही जास्त. तेव्हा सीएला विचारल्याशिवाय सही नको.

खारा_वारा (१२ जानेवारी, सायंकाळी ६:३०)

दस्तनोंद ताईंना पूर्ण अनुमोदन. माझे ठाण्यात दोन जुने फ्लॅट भाड्याने आहेत. एक भर घालतो: सोसायटीच्या सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीचा तपासणी अहवाल मागा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असं उपविधीत आहे. ऑडिटमध्ये मोठी दुरुस्ती सुचवलेली असेल तर वर्गणी तुमच्या माथी येईल. पार्किंगमध्ये उभं राहून वर पाहा. स्लॅबचं प्लास्टर निघून सळई दिसते आहे का, कॉलमला उभी चीर आहे का?

ओळंबा (१२ जानेवारी, रात्री ९:५०)

एकाच भिंतीला ताजा रंग. ताई, तुम्हाला काही कळत नाही असं म्हणू नका, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्हीच बरोबर पाहिलीत. बावीस वर्षं साइटवर आहे, नव्या रंगाखाली काय असतं ते सांगतो.

बाथरूमच्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. फरशीच्या सांध्यातलं सिमेंट झिजलं किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतीची जागा सुटली, की पाणी त्या कोब्यात उतरतं आणि तिथेच साठतं. कोबा स्पंजसारखा भरतो. मग ते पाणी आडवं पसरून बेडरूमच्या भिंतीत चढतं, आणि सावकाश खालच्या मजल्यावर. भिंतीला स्कर्टिंगपासून फूट-दीड फूट उंचीपर्यंत पोपडे धरतात. वरून पुट्टी आणि रंग मारला की तीनेक महिने दिसत नाही. घर विकायला तेवढे पुरतात.

पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन गोष्टी करा. त्या भिंतीला हाताची पालथी बाजू लावा, मग समोरच्या भिंतीला लावा. ओल असेल तर गारवा वेगळा कळतो. आणि फरशीवर रुपयाच्या नाण्याने टकटक करत जा. भरीव आवाज येतो तिथे फरशी धरलेली आहे, पोकळ येतो तिथे खाली सुटली आहे. मग जिना उतरून खालच्या मजल्यावरची बेल वाजवा. विकणारा सांगणार नाही ते खालचे शेजारी सांगतात.

खाली डाग असेल तर त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घाला. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर गळती चालू आहे. रेघेतच राहिला तर जुनी असू शकते.

हिरवा_चाफा (१३ जानेवारी, सकाळी ११:२०)

मी खालच्या मजल्यावर राहणारी आहे, म्हणजे वेगळ्या इमारतीत. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी चार वर्षं आमच्या छतातून उतरत होतं. घरमालक भाडं घ्यायचे, पण फोन उचलायचे नाहीत. सोसायटी म्हणे, बाथरूमची आतली गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची, आमचं काम फक्त गच्चीची आणि बाहेरच्या पाइपची. नियम तसाच आहे, पण म्हणून आमचा त्रास कमी झाला नाही. माझ्या आईच्या औषधांचं कपाट कुजलं. अबोली, तू घर घेतलंस तर कृपा करून हे काम भाडेकरू ठेवण्याआधी कर.

अबोली (१ फेब्रुवारी, रात्री ९:१०)

सगळ्यांचं ऐकून एकेक करत गेले.

खालच्या काकूंकडे गेले. त्यांच्या पॅसेजमध्ये देवघर आहे आणि बरोब्बर त्याच्यावर छताला परातीएवढा डाग. काकूंनी देवांवर प्लॅस्टिक घातलं होतं. पेन्सिलीची रेघ ओढून तारीख लिहिली, काल परत गेले तर डाग चार बोटं पुढे आला होता. वरच्या भिंतीला हात लावला तर ओल्या फडक्यासारखी गार.

कागदांचंही तसंच निघालं. मूळ मालक आजोबा २०१९ साली गेले. विकणारे त्यांचे चिरंजीव नॉमिनी आहेत. दोन बहिणी, एक इंदूरला, एक अमेरिकेत. हक्कसोडपत्र नाही. मी टोकन दिलेलं नव्हतं, दस्तनोंद ताई, तुमच्यामुळे. दाखला मात्र आहे आणि कन्व्हेयन्सही २०१७ मध्ये झालेलं आहे.

त्यांना दोन्ही गोष्टी सरळ सांगितल्या. बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदवा आणि गळतीचे दोन लाख कमी करा, तरच. आधी रागावले. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, ४३ ला तयार आहेत.

दस्तनोंद (१ फेब्रुवारी, रात्री १०:००)

अमेरिकेतल्या बहिणी येणार नसतील तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करावं लागेल. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यायचं असतं, ही मुदत लोक विसरतात. आणि कुलमुखत्यारपत्रात "हक्कसोडपत्र करून देणे व नोंदवणे" असे शब्द स्पष्ट असू द्या. नुसता "सर्व व्यवहार पाहणे" असा मोघम मजकूर चालत नाही.

अबोली (२६ मार्च, दुपारी ४:३०)

काल खरेदीखत झालं. माझ्या एकटीच्या नावावर, त्यामुळे शुल्क ६ टक्केच लागलं. बोटांचे ठसे देताना हात थरथरत होते. कर्ज ३२ लाखच घेतलं, आणि घराच्या वहीत ठरवून टाकलं आहे की दुरुस्ती साडेपाच लाखांच्या पुढे जाऊ द्यायची नाही.

ओळंबा दादा, आता काम. कॉन्ट्रॅक्टरने दिलेल्या कोटेशनमध्ये पीओपीचं छत ७० हजार, टीव्हीमागचं पॅनेल ३५ हजार आणि "बाथरूम वॉटरप्रूफिंग ६ हजार" असं आहे.

ओळंबा (२६ मार्च, रात्री ९:१५)

पीओपी आणि पॅनेल दोन्ही खोडा. भाड्याच्या घराला त्याने एक रुपया भाडं वाढत नाही. सहा हजारांत तो फरशीवर फरशी चिकटवून मध्ये काहीतरी केमिकल फासणार. तसं करू देऊ नका.

बाथरूमच आधी घ्या, आणि असं घ्या. फरशी आणि कोबा पूर्ण काढून मूळ स्लॅब उघडा करायचा. ब्रेकर मशीन हळू हातानेच, स्लॅबला धक्का नको. राडारोड्याची गाडी कोटेशनमध्ये आहे का ते बघा, नाहीतर शेवटी सोसायटीशी भांडण होतं. लोखंडी पाइप सगळे बाद. गरम पाण्याला सीपीव्हीसी टाका. पाइप भिंतीत बुजवण्याआधी प्लंबरकडून पंपाने दाब भरून घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरला असेल तर कुठेतरी सांधा गळतो आहे.

मग स्लॅब धुऊन, भेगा भरून, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई करायची. काटकोनात कोटिंग चिरतं. त्यावर सिमेंट-पॉलिमरचं कोटिंग दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर वर आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. नहाणी ट्रॅपच्या गळ्यात कोटिंग आतपर्यंत गेलं पाहिजे, निम्म्या गळत्या तिथूनच असतात.

कोटिंग सुकलं की ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. भिंतीवर पातळीची खूण करा. थोडं पाणी हवेतही उडतं, पण खाली ओल उतरली तर लगेच कळेल. या दोन दिवसांत मिस्त्री घाई करेल, "मॅडम, रोज जातोय." जाऊ द्या. या चाचणीशिवाय एकही फरशी बसवू देऊ नका. फरशी बसवताना ट्रॅपकडे ढाळ हवा, पाच फुटांत अर्धा-पाऊण इंच.

वायरिंगही आत्ताच. दिवे-पंख्यांना दीड एमएमची वायर, सोळा अँपियरच्या सॉकेटला अडीच, गिझरला चार. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवा, भाडेकरूच्या घरात लहान मूल असू शकतं. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून. उद्या कोणी खिळा ठोकेल तेव्हा पाइप कुठून गेला आहे ते फोटोत दिसेल.

पैसे कामाच्या टप्प्यावर. शनिवारची उचल द्यावी लागते, पण ती टप्प्याच्या हिशेबातच धरा. दहा टक्के काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवा. आणि रंगाचं काम पावसाच्या आत उरका, जूनमध्ये पुट्टी वाळत नाही.

कृष्णाकाठ (२७ मार्च, सकाळी ८:००)

अभिनंदन ताई. आकडे मनापासून मांडलेत आणि कर्जही कमी घेतलंत. आता माझी हरकत नाही.

अबोली (२ मे, रात्री ११:३०)

आज मनाने फार दमले आहे म्हणून इथे लिहिते.

पाण्याची चाचणी नापास झाली. पाणी भरून वीस तास झाले आणि खालच्या काकूंनी हाक मारली. देवघरावरच्या छताला थेंब लोंबत होता. मिस्त्री म्हणाला, जुनी ओल उतरते आहे, फरशी लावून टाकू. मी नाही म्हटलं. आवाज चढला, पण नाहीच म्हटलं. पाणी काढलं, ट्रॅपभोवतीचं कोटिंग बोटाने चाचपलं तर एका बाजूला केसाएवढी फट, नखात अडकेल इतकीच. ट्रॅप सिमेंटमध्ये नीट बसवलाच नव्हता, दाबला की किंचित हलत होता.

उद्या ट्रॅप काढून नव्याने बसवणार. कॉन्ट्रॅक्टर जादा चार हजार मागतो आहे. द्यावेत का?

ओळंबा (३ मे, सकाळी ६:४५)

देऊ नका. ट्रॅप त्यानेच बसवला आहे, सुधारायचा खर्च त्याचाच. तुमच्या हातात दहा टक्के आहेत, तेवढ्यावर तो ऐकेल. ट्रॅपभोवती साधा मसाला नको, न आकसणारा ग्राउट भरून घ्या, एक दिवस वाळू द्या, मग कोटिंग, मग पुन्हा पूर्ण ४८ तास. पहिले वीस तास जमेला धरू नका.

मिस्त्रीला अडवलंत ते फार चांगलं केलंत.

अबोली (१७ ऑगस्ट, सायंकाळी ७:५०)

उशिरा लिहिते आहे. दुसरी चाचणी पास झाली, काम २८ मेला संपलं. एकूण ५ लाख ६० हजार लागले, ठरवल्यापेक्षा दहा हजार जास्त. ओट्याला ग्रॅनाइट, खाली साध्या ट्रॉल्या, एक कपाट, बाकी काही नाही. फरशीचा एक बॉक्स त्याच बॅचचा माळ्यावर ठेवला आहे, पुढे एखादी फुटली तर.

जुलैपासून एक नवरा-बायको राहतात, दोघं नर्सिंगमध्ये. भाडं १५,५००. खारा_वारा दादांनी निरोपातून सांगितलं तसं अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवून घेतला, नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच असते. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही दिली. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सीचे, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दलचे, महिन्याला ५०० लावले होते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतात हे पत्र लिहून कळवलं, आता १२० घेतात. घरपट्टीतली ४० टक्के सवलत मात्र जाणार, ती स्वतः राहणाऱ्यालाच असते.

हिरवा_चाफा (१७ ऑगस्ट, रात्री ८:३०)

आणि खालच्या काकू?

अबोली (१७ ऑगस्ट, रात्री ९:०५)

नागपंचमीची पुरणाची दिंडं द्यायला बोलावलं होतं. छताला अजून रंग दिलेला नाही, त्या म्हणाल्या पावसाळा पुरा जाऊ दे, मग देऊ. पेन्सिलीच्या चारही रेघा तारखांसकट तशाच आहेत. शेवटची २ मेची, डाग तिच्या बराच आत सुकून पांढरा पडला आहे. देवांवरचं प्लॅस्टिक काढलं आहे.